दोन विती

तळ्याच्या मोरीला दगडी पायऱ्या अकरा.
मार्च सरता सरता नववी उघडी पडली
आणि कापुरुबंडा विदाने बांबू घेऊन उतरला
पार मधोमध.
परतला तेव्हा त्याचा सारोंग भिजला होता
गुडघ्यांपर्यंत.
किती, असं कुणी विचारलं नाही.

वरच्या गावाचं तळं ओतलं की आमचं भरतं,
आमचं ओतलं की हल्मिल्लेवचं.
यंदा वरूनच निरोप : सांडव्यावर गुरं चरतायत.

बैठक भरली पाळीवर, अर्जुनाच्या सावलीत.
नऊ वर्षांनी तो शब्द निघाला, बेत्मा.
म्हणजे आपापली शेतं विसरायची.
मोरीजवळचं रान तेवढं भिजवायचं,
ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं,
खालचं उन्हाच्या नावे.

मोरीजवळचं रान माझं.
माझं आणि पुंचिराळचं. मधे बांध.
बांधापायी सोळा वर्षं आमचं बोलणं नाही.
तो म्हणतो मी कोरला, मी म्हणते त्यानं.
दोन विती.
(माझ्या. त्याच्या नव्हेत.)

"आणि पाखरांचं काय?" सिरिसोम म्हातारा.
तळाचा शेवटचा वाफा दरसाल पाखरांचा,
आणि तळ तर यंदा कोरडा.
पोरं हसली. विदाने नाही हसला.
वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं,
परत लिहिलं.

मग काथ्याची दोरी आली, गाठी मारलेली.
दोरीला बांध कळत नाही.
हातट्रॅक्टर फिरला, रान सपाट,
आणि माझ्या रानात सहा घरं शिरली
चिखल तुडवत.

कुडाबंडाचं शेत पार शेपटाला,
त्याच्याकडे पाणी येतं म्हणजे ओल येते.
मोरी उघडली त्या पहाटे
तो पाटाशी उभा राहिला, फावडं खांद्यावर तसंच.
"इथं आवाज येतो होय पाण्याचा," म्हणाला.
चाळीस वर्षं मी त्या आवाजाशेजारी वाकलेली.
त्या दिवशी ऐकला.

रात्रीच्या पाळ्या.
बारा ते दोन पुंचिराळ, दोन ते चार मी.
पाळी संपली की तो फावडं रोवून जायचा
माझ्या वाफ्याच्या तोंडाशी.
तेवढंच.
एका रात्री मला ताप, डोळाच उघडला नाही.
उजाडता धावत गेले तर
माझं भात घोट्याएवढ्या पाण्यात.
मी त्याचा वाफा निरखून पाहिला, चोरासारखा.
त्यातही तेवढंच.
म्हणजे त्यानं झोपेतूनच काढलं असणार, पाण्यातून नाही.
मी आभार मानले नाहीत. त्यानं वाट पाहिली नाही.

तीन महिन्यांचं भात ते, ऑगस्टात कापलं.
प्रत्येकाला थोडं. पोटापुरतं म्हणवेना, पण थोडं.
मोरीला लागून हातभर पट्टी उभीच राहिली,
कुणाच्याच विळ्याला ती आपली वाटेना.
विदानेच्या वहीत तिच्यासमोर नाव नव्हतं,
पेन्सिलीनं एक चोच काढलेली,
वाईट काढलेली.

नोव्हेंबरात पायऱ्या बुडत गेल्या,
आठवी, सहावी, मग एका रात्रीत चार.
दोरी गुंडाळली. जो तो आपापल्या रानात.
कुडाबंडा शेपटाला गेला
आणि जाताना पाटाकडे वळून बघून गेला.

राहिला बांध.
दोघं उभे, दोन फावडी, मधे नुसता चिखल.
"कुठं होता गं?" पुंचिराळ म्हणाला.
सोळा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.
झोपेतून उठवलं असतं तरी दाखवीन,
असं मी गावभर सांगत आलेली.
आणि आता बघत राहिले.

त्यानं अंदाजानं एक घाव घातला.
सवयीनं मी वाकले, वीत टाकली,
एक, दोन.
बोटं पूर्वीसारखी उघडेनात.
वीत लहान झाली होती माझी.

"बघ नीट," तो म्हणाला.
"बघतेय," म्हटलं,
आणि हात तसाच ठेवला चिखलात.